डाव्या हाताची सुरी

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. दचकू नका. रबराच्या झाडाची साल हलकेच तासायची आणि आतला चीक वाहता करायचा, एवढंच माझं काम. माझं पातं टोकाशी पाखराच्या चोचीसारखं वळलेलं आहे. माझ्या बहिणींची चोच एका बाजूला वळते, माझी दुसऱ्या. ती अशी उलटी कशी झाली, तेच आज सांगते.

लोहाराच्या भट्टीतून मी पहिल्यांदा आले ती एका बाईच्या उजव्या हातात. तिला आपण सासूबाई म्हणू, कारण पुढे तीच तिची ओळख झाली. डोंगरउतारावर रबराचा मळा होता आणि प्रत्येक घराला झाडांची एकेक रांग नेमून दिलेली होती. चीक गारव्यात चांगला वाहतो, म्हणून सासूबाई उजाडायच्या आत निघायची. आधीच्या चिरेखाली दोऱ्याएवढी साल तासायची. मग पांढराशुभ्र चीक तिरक्या चिरेतून निथळत खाली बांधलेल्या वाटीत उतरायचा. ती झाडाशी गुणगुणायची:

झाडा माझ्या लेकरा, साल तुझी मऊ-ओल,
वरवर चिरते रे, जात नाही खोल.

सगळी विद्या त्या दोन ओळींत होती. फार वरवर गेलं तर चीक येत नाही. फार खोल गेलं तर झाड जखमी होतं, तिथे गाठ धरते आणि ती जागा कित्येक वर्षं कामाची राहत नाही.

वाट्यांतला चीक बादल्यांत जायचा, बादल्या शेडमध्ये. तिथे तो साकळला की रुळांमधून दाबून त्याच्या चादरी निघायच्या, धुरावर वाळायच्या आणि ट्रकमधून बंदराकडे जायच्या. तुमचा खोडरबर, सायकलची ट्यूब, डॉक्टरांचे हातमोजे, यांतलं काहीबाही आमच्या रांगेतूनच आलं असेल. आणि आमची वस्ती? ती तर त्या वाटीवरच उभी होती. चीक भरभरून आला, त्याला दरही बरा मिळाला, की शिंप्याचं यंत्र दिवसभर खडखडायचं, बेकरीत पाव शिल्लक उरायचा नाही. दर पडला की तोच शिंपी दुकानाच्या पायरीवर माशा मारत बसायचा.

पुढे सासूबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि रांग सुनेकडे आली. सून डावखुरी. पण सुरी धरायची ती उजव्याच हातात, असं मळ्यात सगळेच मानत. तिच्या उजव्या हातात मी अडखळायची. लपूनछपून डाव्या हातात घेतलं, तर माझी चोच भलतीकडे वळून सालीत रुतायची. झाडांना जखमा झाल्या. बिचारीने त्यांवर ओली माती लिंपली. मुकादम आला आणि त्याने नखाने माती खरवडली.

“बाई, हे काय लिंपणकाम काढलंय?”

“चुकून खोल गेलं, मुकादम.”

“चुकून एखाद्या झाडाला जातं. इथे तर अख्ख्या रांगेला गाठी आल्यात. पानगळीत झाडांना विश्रांती आहेच. नवी पालवी फुटली, काम सुरू झालं, की पुन्हा येईन. साल अशीच दिसली तर रांग दुसऱ्या घरी जाईल. माझाही नाइलाज आहे.”

घरात एवढी एकच रांग. सून चुलीपाशी बसून म्हणाली, “आई, माझ्या हातालाच गुण नाही.”

“वेणी कुठल्या हाताने घालतेस?”

“डाव्या.”

“पोराला थोपटतेस तो?”

“डावाच.”

“मग त्या हाताने कुणाचं घोडं मारलंय?” सासूबाई उठली आणि मला पदराखाली घेऊन तडक लोहाराकडे गेली.

लोहार म्हणाला, “आजी, एवढी हाताला बसलेली सुरी. उलटी केली तर तुम्हाला पुन्हा चालवता यायची नाही.”

“मला काय चालवायचंय आता? एका झाडाची दोन दिसतात.”

“मग चीक दुप्पट निघत असेल.”

“दिसतो तेवढा सगळा तुझा. फुंक भाता.”

मित्रांनो, त्या आगीत मी फार घाबरले. घणाखाली माझी जुनी चोच सपाट झाली आणि नवी उलटी वळली. आज वाटतं, तिने मला दुसरा जन्मच दिला.

पानगळीत सून एका पडलेल्या ओंडक्यावर सराव करायची. चीर पूर्वीसारखीच तिरकी, फक्त ती मला खालून वर लोटत न्यायची. शेजारी बसलेली सासूबाई चिरेवरून बोट फिरवायची. “इथे खोल गेलीस. इथे भ्यालीस. हं, हे जमलं बघ.”

पालवी फुटली. मुकादम आला. त्याने रांगेतल्या झाडाझाडावर अंगठा फिरवला.

“कुणाची ही चीर?”

“माझीच.” सुनेने डावा हात पुढे केला. त्यात मी होते.

त्याने मला घेऊन आपल्या उजव्या हाताने एक चीर मारून पाहिली. मी घसरले. “मला हुसकावते ही,” तो हसला. “रांग तुमचीच, बाई. जुन्या गाठींना मात्र हात लावू नका, त्यांना भरायला वेळ द्या.”

तो गेल्यावर सासूबाई चाचपडत झाडापाशी आली. वाटीत बोट बुडवून म्हणाली, “काठोकाठ आहे गं.” आणि तिथेच सुनेचा डावा हात धरून उभी राहिली.

आता माझं पातं झिजलंय. मी खुंटीवर असते, गंज चढतो, कधी कुणी तेलाचं बोट लावतं, कधी विसरतं. तक्रार नाही. झाडाने चीक दिला, आगीने चोच दिली, दोन बायकांनी माया दिली. एवढंच मागते: झाडाकडून घ्याल ते त्याला पुन्हा भरून काढता येईल इतकंच घ्या, आणि एखादं काम कुणाच्या हाताला बसेना तर आधी हाताला बोल लावू नका.

आमचा लोहार शिकला आहे. मळ्यात नवी बाई आली की तो लोखंड तापवण्याआधी म्हणतो, “हात दाखवा.” जो हात पुढे येतो, त्याच्या बाजूने तो चोच वळवतो.