मोईवाडीच्या डोंगराचे मांडवडहाळे

सरपंच किशनराव अभ्यासदौऱ्यावर घाटमाथ्याला गेले आणि तिथलं जंगल बघून त्यांचं डोकं फिरलं. शिमगा झाला तरी तिथलं झाडन्‌झाड हिरवंगार. गंगाखेडला उतरून जीपने मोईवाडीत आले, गावामागच्या डोंगराकडे पाहिलं, तर साग, सालई, मोई सगळी उघडी. आणि तेही तपासणीच्या तोंडावर.

तपासणी हरितग्राम बक्षिसाची होती. ते मोईवाडीला मिळालं नसतं तरी किशनरावांनी सोसलं असतं. शेजारच्या उंबरदऱ्याला मिळालेलं मात्र सोसवणार नव्हतं. तिथला सरपंच महारुद्र त्यांचा साडू. दोघांची लग्नं एकाच मांडवात लागली होती आणि पंगतीत मानाचा पाट महारुद्रला गेला होता. गावात ही गोष्ट आता एकट्या किशनरावांच्याच ध्यानात होती, पण तेवढं पुरेसं होतं.

त्यांची मुलगी ऋतिका वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. तिने बापाला समजावलं. घाटमाथ्यावर पाऊस आपल्या कैक पट पडतो, आणि तिथल्या धुक्याची ओलही असते. आपला पाऊस चार महिन्यांत आटोपतो. उरलेलं वर्ष झाडाने जमिनीत राहिलेल्या ओलीवर काढायचं. पानांतून पाणी उडून जातं, म्हणून झाड पानंच टाकून देतं. ते मेलेलं नसतं, हिशोबाने जगत असतं. ओढ्याकाठी खोल ओल टिकते, म्हणून तिथल्या जांभळी हिरव्या आहेत. वर नुसता मुरूम, म्हणून वर पानझडी.

किशनरावांनी सगळं मन लावून ऐकलं आणि त्यातलं "ओढ्याकाठच्या जांभळी हिरव्या आहेत" एवढंच घेतलं.

मोईवाडीत लग्न निघालं की आदल्या दिवशी हिरव्या फांद्या गाडीत घालून, हलगी वाजवत आणतात आणि मांडवावर टाकतात. त्याला मांडवडहाळे म्हणतात. या कामात गावाचा हात धरणारं कोणी नव्हतं. एवढा मांडव झाकतो, मग डोंगराची काय कथा, असं किशनरावांनी ग्रामसभेत विचारलं. जांभळीच्या फांद्यांनी डोंगर झाकायचा ठराव हात वर करून पास झाला.

ऋतिका ओढ्यावर आडवी आली.

"अप्पा, जांभळीला मोहर आलाय. आत्ता तोडल्या तर यंदा एक जांभूळ लागायचं न्हाई."

"जांभळं काय बाजारात मिळत न्हाईत का? इथं इज्जतीचा सवाल हाय."

तिची आई धुरपताबाई दारातून हलगीच्या तालावर निघालेल्या फांद्यांच्या गाड्या बघत होती. "डोंगराचं लगीन लावायलेत," ती म्हणाली. "नवरी कोन हाय तेवढं सांगा, साडी घ्यावी लागंल."

तपासणीच्या दिवशी पहाटेपासून गाव डोंगरावर चढलं आणि सागाला, सालईला सुतळीने जांभळीच्या फांद्या बांधत सुटलं. पळसाला शेंदरी फुलं होती. तीही झाकली, शेंदरी रंगाला बक्षिसात गुण नव्हते. ऊन चढायच्या आत डोंगर असा हिरवा झाला की किशनरावांना घाटमाथा आठवून भरून आलं.

समिती सकाळी येणार होती. ती आधी उंबरदऱ्याला गेली आणि मोईवाडीला पोचली तेव्हा दुपार टळत आली होती. तोवर फांद्या उन्हाने मान टाकून लोंबत होत्या. डोंगरावर कोणी जुन्या गोधड्या वाळत घातल्यात असं वाटत होतं.

समितीच्या साहेबांनी जीपमधूनच वर पाहिलं आणि झाडांवर काही रोग पडलाय का, असं विचारलं. किशनरावांनी उन्हावर ढकललं. साहेबांना ते लगेच पटलं, कारण त्यांनाही ऊन लागत होतं.

"वर नको चढायला," साहेब म्हणाले. "तुमच्या ओढ्यावर जांभळीची दाट सावली आहे म्हणतात. तिथेच बसू."

हलगीवाल्याने हलगी पाठीमागे लपवली. किशनरावांनी शाळा दाखवतो म्हटलं, चावडी दाखवतो म्हटलं, पण साहेब ओढ्याच्या वाटेला लागले होते.

ओढ्यावर जांभळी जावळ काढलेल्या पोरांसारख्या ओळीने उभ्या होत्या. सावली म्हणून होती ती साहेबांच्या टोपीची.

बक्षीस उंबरदऱ्याला गेलं. 'पानझडी वनाचं नैसर्गिक चक्र जपल्याबद्दल' असं मानपत्रात होतं. महारुद्रने डोंगराकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. आपण चक्र जपतोय हे त्याला मानपत्र वाचलं तेव्हा कळलं. त्याने फक्त साहेबांना ओढ्याकाठच्या झाडाखाली बसवून ताक पाजलं होतं.

पुढे पाऊस झाला आणि मोईवाडीचा डोंगर कोणी काही न बांधता हिरवा झाला. बघायला कोणी आलं नाही. त्याच आठवड्यात उंबरदऱ्याहून पाटी आली, वर पळसाची पानं झाकलेली, आत टपोरी जांभळं. साडूसाठी, असा निरोप होता. यंदा तुमच्याकडं लागली न्हाईत म्हणं.

किशनरावांनी हात लावणार नाही म्हणून सांगितलं, पाटी परत पाठवा म्हणाले, आणि रानात निघून गेले. संध्याकाळी जेवायला बसले तेव्हा त्यांनी महारुद्रला भरपूर शिव्या दिल्या.

ऋतिका वाढता वाढता थांबली. शिव्या देणारी जीभ जांभळी होती.