कडू दुधीचा रस

लाखनीच्या रुखमिणीबाईंच्या ओट्यावरचा ज्यूसर मी. बनलो कुठल्याशा कारखान्यात, पण आयुष्य सुरू झालं ते या घरात.

गुडघे धरले म्हणून डॉक्टरांनी बाईंना वजन उतरवायला सांगितलं आणि त्यांचे यजमान भैय्याजींनी मला भंडाऱ्याहून आणलं. धान पिकवणाऱ्या घरात बाईंनी भात सोडला, तळ्यातली मासोळी सोडली, दूधसुद्धा सोडलं. सकाळी काकडीचा रस, दुपारी पालक-बीटाचा, रात्री उकडलेल्या भाज्या. दोन महिन्यांत सात किलो उतरले. कठडा न धरता देवळाच्या पायऱ्या चढून आल्या, त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या हातानं पुसलं. मी सुखावलो.

श्रावणात कुंपणावरच्या वेलाचा दुधी निघाला. सून उर्वशीनं चिरता चिरता एक फोड चाखली आणि थुंकली.

“आई, हा बहुत कडू हाये. फेकून देऊ का?”

“कायले फेकतं? कडूनंच वजन लवकर उतरते, मोबाईलवरची बाई सांगून राहिली होती.”

उर्वशीनं हात मागे घेतला. बाईंनीच फोडी माझ्यात लोटल्या, बटण दाबलं. वीज आली की मला फिरावंच लागतं. नाक दाबून त्या पेलाभर रस प्यायल्या.

अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या उलटीत रक्त पडलं. भैय्याजी शेतातून धावत आले, शेजाऱ्याच्या गाडीत घालून त्यांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं.

कडू दुधी विषारी असतो, हे त्यांना डॉक्टरांकडून कळलं होतं; संध्याकाळी कपडे न्यायला आले, तेव्हा ते सुनेवर तुटून पडले. “कडू होता तं देल्ला काहून?”

“मी सांगतलं होतं, मामाजी,” ती सासऱ्यांना म्हणाली.

त्यांना ते खरं वाटलं नाही. सारं माझ्यासमोर घडलेलं, पण साक्ष कशी देणार? चार दिवस उर्वशी धड जेवली नाही. माझ्या जाळीत तो हिरवा चोथा तसाच वाळत राहिला.

पाचव्या दिवशी बाई भिंत धरत घरात आल्या. बसायच्या आधीच नवऱ्याला म्हणाल्या, “तिले बोलू नका. ते फेकून देत होती. मीच आयकलं नाही.”

भैय्याजींनी सुनेकडे पाहिलंही नाही. मला उचललं आणि माळ्यावर टाकलं.

आता मी पोत्यात गुंडाळलेला आहे. बाई थोडा भात, वरण, शिजवलेली भाजी खातात, सकाळी हळूहळू चालून येतात, असं खालच्या बोलण्यावरून कळतं. उर्वशी मात्र साधी काकडी चिरली तरी म्हणते, “आधी तुम्ही चाखा, आई.” तेव्हा बाई फोड चाखतात आणि ‘गोड हाये’ म्हणतात.

तुमच्या ओट्यावर माझा एखादा भाऊबंद असेल, तर एवढंच करा. कडू लागलेला दुधी त्यात घालू नका आणि सांगणाऱ्या माणसाचं ऐका. आम्हाला नाही म्हणता येत नाही.