जागं पाणी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या मांडीवर काचेचा एक वाडगा, वाडग्यात पाणी आणि पाण्यात वळवळणारे काळपट जीव. लोकांनी वाडगे तान्ह्या बाळासारखे सांभाळले होते. शिंक आली तर तोंड फिरवून शिंकत होते.

"दादा, हसू नकोस हं," आत्या बाबांच्या कानाशी कुजबुजली. "इथे सगळे ओळखतात मला."

"हसतोय कुठे? बघतोय," बाबा म्हणाले. "एका छताखाली एवढी पैदास उभ्या नोकरीत पाहिली नव्हती."

तो बाबांचा शेवटचा दिवस होता. अर्थात हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

माझे वडील आरोग्य खात्यात डॉक्टर होते. रोग्याची जीभ बघणारे नव्हेत. त्यांनी जन्मभर टाक्या, गटारं, टायर आणि कुंड्या तपासल्या. हिवताप, डेंगी, हत्तीरोग, जे जे डासाच्या पाठीवर बसून येतं त्याच्या मागे ते गावोगाव फिरले. लोक त्यांना डासडॉक्टर म्हणत, निम्मे कौतुकाने, निम्मे टिंगलीने. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेले तेव्हा जावईबापू पुढच्या खोलीत बसायचे सोडून थेट मागच्या टाकीत डोकावले, आणि आजोबांना म्हणाले, "झाकण कुठाय?" आजोबा म्हणे आठवडाभर आईला विचारत होते, "मुलगा शिकलेला आहे ना नक्की?" शेजारणींचे चेहरे बाबांच्या लक्षात राहत नसत. आईला ते विचारत, "या त्याच ना, गळक्या पिंपाच्या?"

त्या दिवशी आत्याने त्यांना आणि मला ओढून नेलं होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पाणीमहाराज मंचावर आले. पूर्वी हे गृहस्थ दारोदार पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत. तेव्हा पाण्यात एकही जीव नसल्याची हमी देत, आता असल्याची देत होते. हमी देण्याचा सराव तेवढा जुना.

"पाणी निजलेलं असतं, मायबाप हो!" महाराजांनी डोळे मिटून सुरुवात केली. "नळातून येतं ते निजलेलं. निजलेलं पाणी पिता, म्हणून आजारी पडता. त्याला जागं करा! सावलीत ठेवा. झाकू नका, श्वास कोंडेल. बदलू नका, रुसेल. चिमूटभर माझी पूड घाला. आठवड्यात पाणी डोळे उघडेल!"

बाबांनी आत्याच्या पिशवीतल्या पुडीतली चिमूट घेऊन हुंगली. "वाळका पाला," ते मला म्हणाले. "खुराकाचीसुद्धा सोय केलीय शहाण्याने."

मग चमत्कार झाला. प्रखर दिव्याखाली एक मोठा वाडगा ठेवला होता, आणि कॅमेऱ्यातून मागच्या पडद्यावर तो भिंतीएवढा दिसत होता. पाण्याच्या वरच्या थराला शेकडो जीव उलटे लटकले होते. महाराजांनी वाडग्यावर हात धरला. एका क्षणात सगळे जीव वळवळत तळाशी गेले.

"नमस्कार!" महाराज गरजले. "पाणी नमस्कार करतंय!"

सभागृह हुंदके देऊ लागलं. आत्याने डोळ्यांना पदर लावला. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला.

"हाताकडे बघू नकोस," बाबा म्हणाले. "सावली कुठे पडते ते बघ."

इथपर्यंत ते मजेत होते. पण पुढे महाराजांनी वैद्यकीला हात घातला.

"ताप आला तर घाबरू नका. पहिले दोन दिवस ताप कच्चा असतो, त्याला हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आणा. जाग्या पाण्याचा एक चमचा, आणि दोन दिवसांत अंग थंडगार! दवाखाना नको, सुई नको!"

बाबांचा चेहरा उतरला. "याला वेळापत्रक पाठ आहे."

"कोणाचं?"

"डेंगीचं. चार-पाच दिवसांनी तो ताप आपला आपणच उतरतो. पाहुणा निघाला की हा दारात उभा राहून म्हणणार, मीच घालवला." मग आवाज आणखी खाली आणून ते म्हणाले, "आणि ताप उतरतो ना, खरा धोका तेव्हाच असतो. रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. पोटात दुखतं, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. घरचे म्हणतात, बरं झालं, अंग थंड लागतंय. आणि माणूस हातातून जातो."

"मग उठून सांगा ना."

"सांगून भागलं असतं तर मी कधीच रिकामा झालो असतो. यांना दाखवावं लागतं. पुढच्या सभेला दाखवू."

परतताना ते आत्याच्या घरी गेले आणि साळसूद चेहरा करून म्हणाले, "थोडं जागं पाणी मलाही दे गं. भक्ती वाढतेय माझी." बिचारी हरखली. तिने अर्धा वाडगा त्यांच्या बरणीत ओतला. घरी येऊन बाबांनी बरणीच्या तोंडाला मलमलचं फडकं घट्ट बांधलं, ती खिडकीत ठेवली आणि मला म्हणाले, "आता देवांना पंख फुटतील बघ."

योगायोगाने तो आमचा पाणी ओतायचा दिवस होता. दर आठवड्याला बाबा अंगणात उभे राहून हाक मारत, "ओतलं का?" कुंड्यांखालच्या बशा, फुलदाण्या, बादल्या, सगळं पालथं करून कडा घासायच्या, कारण अंडी कडेला चिकटतात. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "ओतलं हो!" आई गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. मी ते कधी चुकवलं नाही, पण हाकेला ओ दिली नाही. एवढ्या मोठ्या वयात अंगणाकडे तोंड करून ओरडायचं मला बरं वाटत नसे. पाणी सांडल्याचा आवाज ऐकून बाबा समाधान मानत. त्या संध्याकाळीही त्यांनी हाक मारली. मी बशी पालथी केली. ते आत आले.

दुसऱ्या दिवशी चहा गार झाला तरी बाबा उठले नाहीत. हृदय झोपेतच थांबलं होतं.

आत्या रडत आली. खिडकीतली बरणी दिसताच तिचं रडणं थांबलं.

"झाकलं त्याने?" तिने विचारलं. "अगं, दादाने पाण्याचा श्वास कोंडला. म्हणून पाण्याने त्याचा कोंडला."

तिचा भाऊ शेजारच्या खोलीत होता. चार दिवसांत ही बातमी मला भेटायला येणाऱ्यांच्याही आधी घरात शिरू लागली. लोक माझा हात हातात घेत, आवाज हळवा करत, आणि नजर चोरून बरणीकडे बघत. एकजण तर म्हणाले, "सोडून द्या ते पाणी, अजून कोणाला भोवायला नको." जन्मभर ज्यांच्या घरातला ताप बाबांनी उंबऱ्याबाहेर थोपवला, तीच ही माणसं. माझ्याकडे त्यांच्यासाठी राग नव्हता. राग यायला समोरच्याची थोडी तरी किंमत वाटावी लागते.

पुढच्या सभेच्या सकाळी आत्याचा फोन आला.

"सुनेचा ताप उतरला! पाचव्या दिवशी, महाराज म्हणाले अगदी तस्सा. आज तिला मंचावर बसवणार आहेत. तूही ये, दादाच्या वतीने क्षमा मागून टाकू."

"वहिनीला ताप होता? मला सांगितलं नाहीस?"

"तू आधीच दुःखात. आणि तू लगेच दवाखाना म्हणाली असतीस."

"आता कशी आहे?"

"थंडगार! हात कसे बर्फासारखे लागतात."

"जेवली?"

"कुठलं जेवण? उलट्या होतायत, पोट दुखतंय म्हणते. महाराज म्हणाले, ताप बाहेर पडतोय."

मी ग्रंथालयात नोकरी करते, डॉक्टर नाही. पण आमच्या घरी जेवताना हवापाण्याच्या नाही, डेंगीच्या गप्पा होत. मी रुग्णवाहिकेला फोन केला, खिडकीतली बरणी उचलली आणि निघाले.

वहिनी मंचावर खुर्चीत होती. कागदासारखी पांढरी. तिचा हात धरला तर ओला आणि गार.

"ताई, दात घासताना रक्त आलं," ती पुटपुटली. "आईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, वाईट रक्त निघतंय."

"आत्या, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचंय. गाडी येतेय."

"मंचावरून उठवू? भर सभेत?" आत्याने वहिनीचा दुसरा हात घट्ट धरला. "पाण्याचा कोप झाला तर? दादाचं बघितलंस ना? हिचंही तसंच झालं तर मुलाला काय तोंड दाखवू?"

ती दुष्ट नव्हती. घाबरली होती, आणि तिची भीती सुटल्याखेरीज तिचा हात सुटणार नव्हता.

"डासडॉक्टरांची कन्या!" महाराजांनी ध्वनिक्षेपकावरून माझं स्वागत केलं. "या. वडिलांची चूक पदरात घ्या म्हणायला आलात?"

"नमस्कार बघायला आले," मी म्हटलं.

मी पायातली चप्पल काढली आणि दिवा व वाडगा यांच्या मधोमध धरली.

मागच्या पडद्यावर, भिंतीएवढे, सगळे जीव एकदम तळाशी गेले.

मागून कोणीतरी म्हणालं, "अरेच्चा! चपलेला नमस्कार?"

"सावलीला," मी म्हटलं. "वरून सावली पडली की अळ्यांना वाटतं कोणी खायला आलं. त्या पळतात. महाराजांचा हात असो की माझी चप्पल, त्यांना सारखंच."

पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी टोपी काढून आपल्या वाडग्यावर धरली. शेजारणीने पर्स धरली. एकाने चष्म्याचं घर धरलं. "गेले! माझेही गेले!" सभागृहभर नमस्कारांचा सुळसुळाट झाला.

"नास्तिकाच्या चपलेला पाणी भ्यालं!" महाराज ओरडले. "भीती वेगळी, भक्ती वेगळी!"

"मग माझ्या टोपीला काय झालं?" आजोबांनी विचारलं.

मी बरणी दिव्याखाली, कॅमेऱ्यासमोर धरली. मलमलच्या आतल्या बाजूला डास बसले होते. मी बरणी हलवली तसे ते भणभणत उडाले, आणि पडद्यावर एकेक डास घारीएवढा दिसला.

"हे आत्याच्या घरचं पाणी, महाराजांच्या पुडीचं. बाबांनी त्या दिवशी फडकं बांधलं, नंतर ते सुटलेलं नाही. बाहेरून आत काही गेलं नाही, आतलं बाहेर आलं नाही. तुमचे जागे जीव मोठेपणी हे होतात. तुमच्या वाडग्यांना फडकं नाही, म्हणून तुमचे उडून गेले. ताप आलेल्याला चावले आणि मग तुम्हाला. मग तुम्ही ताप घेऊन इथे आलात. पाळणाही यांचा, दवाखानाही यांचाच."

"झाकलं म्हणून देव कोपून डास झाला!" महाराज म्हणाले.

"आमचा तर उघडाच होता हो," एक बाई उठून म्हणाली. "मग महिनाभर आमच्या घरात चावतंय कोण?"

लोक हसले. महाराजांच्या धंद्याला ते हसू दहा व्याख्यानांपेक्षा महाग पडलं.

माझं मात्र लक्ष आत्याकडे होतं. मी बरणी तिच्या हातात दिली. तिने ती डोळ्यांजवळ नेली.

"पायांवर पांढरे पट्टे आहेत," ती हळूच म्हणाली. "दादा सांगायचा. दिवसा चावतो तो पट्टेवाला." मग तिने बरणी खाली ठेवली आणि वहिनीच्या काखेत हात घातला. "बघत काय उभी राहिलीस? उचल तिला. गाडी आली का?"

महाराज काहीतरी बोलत होते. आत्या त्यांच्यासमोरून, त्यांच्याकडे न बघता, सुनेला घेऊन खाली उतरली.

वहिनीचा रक्तदाब तोवर बराच उतरला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर माझ्या हातात काही उरलं नसतं." सलाइन लागलं, दर तासाला तपासणी झाली, आणि तिसऱ्या दिवशी वहिनीने स्वतःहून भूक लागल्याचं सांगितलं. आत्या तिथेच बाकावर बसून रडली. या वेळी भावासाठी.

महाराज रातोरात नव्हे, चांगले दिवसाढवळ्या सामान बांधून गेले. आता दुसरीकडे कुठेतरी माती जागी करतात असं ऐकते. गिऱ्हाईक मिळेलच. म्हणून सरळ सांगते: ताप आला तर डॉक्टरकडे जा, आणि उतरला तरी जा. पाणी झाका, आठवड्याला ओता, भांड्याच्या कडा घासा. चमत्कार दिसला तर दिवा कुठे आहे आणि सावली कुठे पडते ते बघा. आणि कोणी 'झाकू नका, विचारू नका, दवाखान्यात नेऊ नका' असं सांगू लागलं, तर त्याचं काय लपलंय ते आधी शोधा.

वहिनी घरी आली तो आमचा पाणी ओतायचा दिवस होता. आत्याने आपला वाडगा उन्हात तापलेल्या फरशीवर रिता केला आणि काथ्याने घासला. मी घरी आले. कुंड्यांखालच्या बशा पालथ्या केल्या, फुलदाणी धुतली. शेवटी बाबांची बरणी उरली. आतले डास मरून पडले होते. मी फडकं सोडलं आणि पाणी अंगणातल्या कोरड्या मातीवर ओतलं. ते लगेच जिरलं.

अंगणात कोणी हाक मारली नाही. कुंपणापलीकडे शेजारीण कपडे वाळत घालत होती. मी अंगणाकडे तोंड करून, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले,

"ओतलं हो, बाबा!"