पालथं ऐकलेलं पुस्तक

"बंद कर ते आधी!" वडील जमिनीला म्हणाले.

मुलगी साबणाचे हात तसेच घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली. वडील पलंगावर पालथे होते, तोंड पलंगाच्या कडेबाहेर काढलेल्या फोमच्या भोकात. डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी आठवडाभर असंच राहायला बजावलं होतं. जन्मभर सोफे शिवलेल्या माणसाला दवाखान्याची उशी कशी पसंत पडणार? त्यांनी लेकीकडून फोम कापून घेतला, तिच्या कापण्याला नावं ठेवली आणि मग त्यातच तोंड घातलं. तेव्हापासून ते सगळं जमिनीलाच सांगत होते.

"आता काय झालं, बाबा?"

"काय व्हायचं राहिलंय? काल या दोघींचं लग्न लागलं. ती बसवाली आणि ती गुरांची डॉक्टरीण. तीन पायांचा कुत्रा पाळला, पडद्यांच्या रंगावरून भांडल्या, सगळं रीतसर. आणि आज डॉक्टरीण बसमध्ये चढते आणि तिलाच विचारते, 'ही बस पुलावरून जाते का?' अगं, बायको आहे ती तुझी!"

मुलीने कपाळाला हात लावला. कपाळाला साबण लागला.

चूक तिचीच होती. "टीव्ही नाही, पेपर नाही, मी काय फरशी चाटू?" असा वडिलांनी घोशा लावला, तेव्हा वैतागून तिने खणातून लंबूचा पुस्तकं ऐकायचा जुना प्लेअर काढून त्यांच्या उशाशी ठेवला होता. आत काय आहे ते पाहिलंसुद्धा नव्हतं. मग भांडी लावताना दोघींच्या लग्नाचं वर्णन कानावर आलं आणि तिच्या हातातली बशी फुटायचीच राहिली. कपड्यांच्या घड्या घालताना लंबू हेच पुस्तक लावायची आणि खिदळायची. प्लेअर काढून घ्यायला ती धावली, तर वडील खेकसले, "राहू दे! कुत्र्याचं काय होतं बघू."

लंबू पाच वर्षं तिच्याबरोबर याच घरात राहिली होती. ते नाव वडिलांनीच ठेवलेलं. त्यांच्या लेखी ती लेकीची मैत्रीण, एवढंच. दोन महिन्यांपूर्वी ती बॅग भरून निघून गेली. "बाबांना सांगशील तेव्हा बोलव," म्हणाली. मुलीने बाबांना सांगितलं की तिची बदली झाली.

"बाबा, तो प्लेअर प्रकरणं उलटीसुलटी लावतोय. एक बटण दाबलेलं राहिलंय. द्या, सरळ करते."

"म्हणजे?"

"म्हणजे बस आधी. लग्न शेवटी."



"म्हणजे त्यांचं तुटलं नाही?"

"नाही."

"कमाल आहे! आणि मी इथे जिवाला घोर लावून घेतला. एवढा मांडलेला संसार आणि साधी ओळख राहिली नाही, म्हटलं झालं तरी काय यांना! चुकलं कुणाचं?"

"गोष्ट आहे हो ती. हलकीफुलकी."

"हलकीफुलकी म्हणे." ते चरफडले. "लंबूचं ना हे यंत्र?"

"हो."

"तिची बदली कुठे झाली म्हणालीस?"

मुलीने गावाचं नाव सांगितलं.

"मागच्या वेळी दुसरंच सांगितलं होतंस."

तिच्या हातांवरचा साबण वाळत चालला होता. तिने तो ओढणीला पुसला.

"तुमची औषधाची वेळ झाली, बाबा."

"खड्ड्यात गेलं औषध. हे बघ, मला तुझं तोंड दिसत नाही, तुला माझं दिसत नाही. यापेक्षा सोपं करून कोण देणार तुला? बोल."

ती पलंगाला पाठ टेकून खाली बसली.

"बदली नाही झाली. तुम्हाला सांगायचं धाडस होईना माझं. म्हणून ती गेली."

"मी काय खातो का तुला?" ते ओरडले, आणि मग आवाज उतरला. "सरळ ऐकलं असतं तर मीही काय केलं असतं, देव जाणे. बंदच कर म्हणालो असतो. पण पहिल्या झटक्यात लग्नच कानावर पडलं. नाक मुरडायला सवड कुणी दिली? लगेच तो कुत्रा लंगडत आला."

ती हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

"फोन कर तिला."

"आत्ता?"

"नाही, मी उताणा झाल्यावर! आत्ताच कर."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुस्तक पहिल्यापासून सरळ चाललं होतं आणि वडील कुरकुरत होते की आता सगळं ठाऊकच आहे, ऐकायचं काय? बऱ्या डोळ्याला भोकातून फरशीचा तुकडा दिसत होता, खुर्चीचा एक पाय, आणि लेकीची झिजलेली चप्पल. कुणीतरी प्लेअर बंद केला. मग त्या तुकड्यात आणखी दोन पावलं आली, लांबलचक, अनवाणी. लेकीच्या पावलांच्या जरा मागेच थबकली.

वडिलांनी त्या पावलांकडे नीट पाहून घेतलं.

"पुढे ये," ते म्हणाले. "आणि आधी कात्री घे. हिने कापलेला फोम नाकाला टोचतोय कधीचा."