बिनपावडरचं मशीन

“उघडा ना वामनभाऊ, माह्यासमोर उघडा,” कुलदीप म्हणाला. “घाण निघाली तर उद्यापासून मशीन पुन्हा तुमच्याकडे.”

सौंसरच्या बसस्टँडसमोरचं हे हॉटेल कुलदीपचं. तिथलं कॉफीचं मशीन बसवल्या दिवसापासून वामनच्या हातचं होतं. दर महिन्याला तो पांढुर्ण्याहून यायचा, नाकाला रुमाल बांधून मशीन धुवायची पावडर ओतायचा, फेस काढायचा. मग काउंटरवर प्रतिभा आली. तिगावकडची, दूध डेअरीत सहा वर्षं कॅन धुतलेली. तिने पावडर बंद केली आणि वामनला बोलावणंही बंद झालं. चार महिने त्याने वाट पाहिली. आज न बोलावता आला होता.

“कशानं धुऊन राहिली तू?”

“पाण्यानंच, काका. दुधाच्या नळीले आधी थंडं पाणी, मंग वाफ. पयलेच गरम लावलं का दूध शिजून चिकटते. चाळण्या रोज उकळून, घासून काढते.”

“मशीन हाये हे. म्हशीचा गोठा नाही.”

“दूध तं म्हशीचंच हाये ना, काका.”

काउंटरशी उभे असलेले ड्रायव्हर हसले. वामन हसला नाही. मागच्या शनिवारी जामसांवलीहून येताना त्याच्या बायकोने, मंगलाने, इथे कॉफी घेतली होती. घरी येऊन सहज म्हणाली, “आता कडू नाही लागत.” त्या रात्री त्याला जेवण गेलं नव्हतं.

त्याने पाना लावला. जाळी निघाली, रबर निघालं. ज्या खाचेत त्याला दर महिन्याला काळं किटण सापडायचं, तिथे नुसतं पितळ चमकत होतं. त्याने आतून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि पांढऱ्या नॅपकिनला पुसलं.

काळा ओरखडा उमटला.

“प्रतिभा, हे काय?” कुलदीपचा आवाज चढला.

“सकाळीच घासलं होतं, भाऊ.” तिचा चेहरा उतरला. “कसं राह्यलं, समजून नाही राह्यलं.”

वामनला समजलं होतं. सकाळी पांढुर्ण्यात त्याने लग्नातल्या कॉफी मशीनचा बर्नर उघडला होता. ती काजळी अजून नखांत होती. मशीनला हात लावण्याआधी हात धुवायची त्याला कधी सवयच नव्हती. मागाहून पावडर सगळं साफ करायची.

“उद्यापासून तुम्हीच या, भाऊ,” कुलदीप म्हणाला.

हेच ऐकायला तो आला होता.

प्रतिभा वाद घालत बसली नाही. तिने ब्रश उचलला आणि जिथे काहीच नव्हतं तिथे पुन्हा घासायला लागली. कोपरा न् कोपरा, सावकाश. तो बघत राहिला. असं काम आपल्या हातून कधी झालं नव्हतं, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं आणि तिचा आणखीच राग आला.

“राहू दे,” तो खेकसला.

बेसिनवर जाऊन त्याने साबणाने हात धुतले. नखं खरवडली. परत येऊन खाचेच्या अजून न घासलेल्या बाजूला बोट फिरवलं आणि नॅपकिनच्या कोऱ्या टोकाला पुसलं. काही उमटलं नाही.

“माह्याच हाताचं होतं,” तो म्हणाला.

कुलदीपने नॅपकिन उचलून पाहिला. “म्हणजे पावडर...?”

“नाही लागत.”

प्रतिभाने रबर बसवलं. “काका, कॉफी घेऊन जा ना.”

“बस सुटून राहिली.”

पांढुर्ण्याच्या बसला अजून पंधरा मिनिटं होती. तो बसमध्ये खिडकीशी बसला. तिथून काउंटर दिसत होता. ती ओल्या फडक्याने नळी पुसत होती आणि एक ड्रायव्हर कप परत पुढे करून आणखी मागत होता.

वामन उठला आणि पलीकडच्या, उन्हाच्या सीटवर जाऊन बसला.