एकही फीत पडली नाही

ओनिबा गिनच्या शेवटच्या कुस्तीच्या बारा दिवस आधी मी एक चूक केली, आणि ती छापून आली.

सेन्दाईच्या एका क्रीडा दैनिकात मी तेवीस वर्षं व्यावसायिक कुस्तीचं पान सांभाळतो. या पानाचा एक नियम नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगितला जातो. या कुस्तीत एक नायिका असते आणि एक लोकांनी हुर्यो उडवायची खलनायिका; त्या खलनायिकेबद्दल चांगलं लिहायचं नाही. रिंगबाहेर ती कशी आहे हे आपल्याला माहीत असतं, आणि ते आपल्यापाशीच ठेवायचं असतं. हा नियम मी स्वतः कितीतरी नव्या पोरांना सांगितला आहे. पण खलनायिका गिनच्या निवृत्तीनिमित्त संपादकांना अर्धं पान हवं होतं, आणि हातात शिराइशी काहोची मुलाखत होती.

काहो ही गिनच्याच कुस्ती कंपनीची आजची सर्वांत लाडकी कुस्तीगीर, आणि शेवटच्या लढतीतली गिनची प्रतिस्पर्धी. भरती झाल्यावर तिसऱ्याच महिन्यात सराव करताना तिचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. हात वर जाईना. सहा आठवडे रोज सकाळी गिनने तिचे केस धुतले. "एक शब्द बोलायच्या नाहीत," काहो म्हणाली. "फक्त खसाखसा चोळायच्या. डोळ्यांत साबण गेला तर म्हणायच्या, बरं झालं."

मी ते छापलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिनचा फोन आला. तिचं खरं नाव कुदो मिसाओ.

"ओकुया, वाचलं."

"कसं वाटलं, मिसाओ-सान?"

"अकरा दिवसांनी मरणार होते. तू आत्ताच पुरलंस मला."

"लोकांना तुमच्याबद्दल आदर—"

"आदर? सव्वीस वर्षं मी लोकांना रागवायला लावतेय. टॅक्सीवाले मला बसवून घेत नाहीत. मोरिओकात एका म्हातारीने माझ्यावर छत्री उगारली होती, आठवतं? भर उन्हाळ्यात! आणि आज इथे भाजीवालीने मला पालक फुकट दिला. डोळ्यांत पाणी आणून! म्हणे, केस धुतलेत तुम्ही त्या पोरीचे."

"चुकलं माझं."

"हो, चुकलं. आता निस्तरायचं मला." तिने फोन ठेवला.

मिसाओ अकिता प्रांतातल्या योकोतेची. सतराव्या वर्षी तोक्योला जाऊन तिने कंपनीची प्रवेश परीक्षा दिली, दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली. पहिली दोन वर्षं ती निळ्या पोशाखातली एक साधी, सज्जन कुस्तीगीर होती आणि कुणाच्या लक्षातही राहत नव्हती. मग एका दौऱ्यात खलनायिकेची जागा रिकामी झाली. अध्यक्षांनी मुलींना रांगेत उभं केलं आणि मिसाओच्या जाड भुवयांकडे बोट दाखवलं. त्या रात्री ती रडली, असं तिच्या बरोबरीच्या मुली सांगतात. ती स्वतः म्हणते, जेवली आणि झोपली.

तिचं हत्यार म्हणजे सेंबेईच्या, तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांच्या, दुकानातला मोठा चौकोनी पत्र्याचा डबा. गावोगावचे दुकानदार तिच्यासाठी रिकामे डबे राखून ठेवत. प्रेक्षकांना दिसे ते इतकंच, की गिन पंचाच्या पाठीमागून डबा काढते, प्रतिस्पर्धीच्या डोक्यात घालते आणि सगळं सभागृह त्या आवाजाने दचकतं. न दिसणारी गोष्ट अशी: लढतीच्या दिवशी सकाळी ती प्रत्येक डब्याच्या कडा लाकडी हातोडीने आत वळवायची, मग तळहात फिरवून पाहायची. डबा नेहमी सपाट तळानेच बसला पाहिजे, कोपऱ्याने कधीच नाही. सव्वीस वर्षांत तिच्या डब्याने कुणाला एक टाका पडला नाही. मी नोंदी पाहून हे लिहितो आहे. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या कुणाबद्दलही मला हे वाक्य लिहिता आलेलं नाही.

आणि फिती. लढतीआधी निवेदक नाव पुकारतो तेव्हा चाहते आपापल्या कुस्तीगिराच्या रंगाची कागदी फीत रिंगमध्ये भिरकावतात. आधी घरी बसून फितीतली पुठ्ठ्याची नळी काढतात आणि फीत हाताने पुन्हा गुंडाळतात, म्हणजे कुणाला लागत नाही. काहोसाठी पिवळ्या फितींचा पाऊस पडतो. खलनायिकेसाठी कुणी फीत टाकत नाही. गिनवर सव्वीस वर्षांत एकही पडली नव्हती. दुसऱ्या एखादीला ते लागलं असतं. मिसाओ ते पदकासारखं मिरवायची. नव्या खलनायिकांना विचारायची, "तुझ्यावर किती पडल्या? दोन? मग अजून शिकायचंय तुला."

लोकांचा राग आणि एकही फीत नाही, एवढंच तिला शेवटच्या दिवशी हवं होतं.

ऑक्टोबरच्या एका रविवारी, दुपारी एक वाजता, योकोतेच्या नगर क्रीडागृहात लढत होती. मी अकरालाच पोचलो. कुस्तीगीर मुली रिंगच्या फळ्या वाहत होत्या. मिसाओही वाहत होती. कंपनीची रीत आहे ती. ज्या रिंगमध्ये पडायचं, ती आपणच बांधायची.

दारात कंपनीचे अध्यक्ष तोगाशी-सान खोके घेऊन उभे होते. खोक्यांत जांभळ्या फिती. जांभळा हा गिनचा रंग, पण त्या रंगाच्या फिती यापूर्वी कधी कुणी केल्याच नव्हत्या.

"प्रत्येकाला एक फुकट," ते खुशीत म्हणाले. "नळ्या रात्री आम्हीच काढल्या. सगळं ऑफिस बसलं होतं. नाव पुकारलं की सभागृह जांभळं होणार! तुमच्या लेखामुळे सुचलं, ओकुया-सान."

मिसाओने खांद्यावरची फळी खाली ठेवली. "अध्यक्ष, आवरा हे."

"अगं, निरोप आहे तुझा. लोकांना प्रेम दाखवू दे की."

"माझं दुकान रागाचं आहे. शेवटच्या दिवशी दुसरा माल विकायचा नसतो."

"आता वाटून झाल्या."

ती माझ्याकडे वळली. फळी उचलून आत गेली.

एकपर्यंत क्रीडागृह भरलं. लोक बूट पिशवीत घालून चटयांवर बसले होते. पहिल्या रांगेत हाताकेयामा फुसाए होत्या. वय एकोणऐंशी, धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं विकतात. गिनची लढत आसपास कुठेही असली की बावीस वर्षं त्या पहिल्या रांगेत बसून एकच ओरडत आल्या: "घरी जा गं, भात थंड होतोय!" आज त्यांच्या मांडीवर डेलियाची फुलं होती. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, घरच्या बागेतली, लहान ताटाएवढी.

गिनचं संगीत सुरू झालं आणि मला जे वाटत होतं तेच झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. गिन काळ्या अंगरख्यात आली, पहिल्या रांगेतल्या माणसाची टोपी काढून फेकली, तर त्याने वाकून आभार मानले. तिने डबा उगारून दाखवला, तर लोक हसले. "आला, आला डबा!" कुणीतरी कौतुकाने म्हणालं. "केस धुणारी ताई!" मागून एक बाई ओरडली.

गिन रिंगमध्ये चढली. तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. घाबरलेला होता तो.

मग पुष्पगुच्छ देण्याचा कार्यक्रम. फुसाए-सानना दोन मुलींनी हाताला धरून वर चढवलं. त्यांनी फुलं दोन्ही हातांनी पुढे केली.

"मिसाओ," त्या म्हणाल्या. गिन नाही, मिसाओ. "लई ओरडले बाई तुला इतकी वर्षं. माफ कर हं."

लोक डोळे पुसू लागले. निवेदकाचा आवाज चिरकला. समोरच्या कोपऱ्यात काहो आधीच रडत होती.

गिनने फुलं घेतली. वास घेतला. वाकून म्हातारीला नमस्कार केला, नीट, खोलवर. फुसाए-सानना दोरीबाहेर पोचवलं, त्या चटईवर बसेपर्यंत थांबली. मग वळली, चार पावलांत समोरचा कोपरा गाठला आणि दोन्ही हातांनी तो गुच्छ काहोच्या तोंडावर हाणला.

पाकळ्या उडाल्या. लाल, पिवळ्या, साऱ्या रिंगभर. दुसऱ्यांदा हाणला. तिसऱ्यांदा देठ तुटले. मग तिने वर्तमानपत्राचा कागद काहोच्या तोंडात कोंबला आणि पहिल्या रांगेकडे पाहून हसली.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग फुसाए-सान उठल्या. उठताना त्यांना गुडघ्यावर हात ठेवावा लागला.

"घरी जा गं, सटवे!" त्यांचा आवाज छताला लागला. "भात थंड होतोय! घरी जा!"

"हेच माझं घर!" गिन ओरडली. "तूच जा, म्हातारे! तुझी फुलं आधीच सुकलेली होती!"

मग क्रीडागृह फुटलं. असली हुर्यो मी मोठ्या शहरांतल्या मोठ्या सभागृहांतही ऐकलेली नाही. शेजारचा माणूस, ज्याची टोपी गेली होती, तो चटईवर मुठी आपटत होता. "म्हातारीची फुलं! लाज नाही का?" गिनने कानामागे हात धरला, ऐकू येत नाही म्हणून. आवाज आणखी वाढला. तिच्या चेहऱ्यावरची भीती गेली होती.

निवेदकाने नावं पुकारली. काहोवर पिवळा पाऊस पडला. मग: "बासष्ट किलो, योकोते, ओनिबा गिन!"

जांभळ्या फिती लोकांच्या हातांत होत्या. मी मागे वळून पाहिलं. तोगाशी-सान दाराशी उभे राहून स्वतःची फीत वर धरून होते, आणि आजूबाजूचे चेहरे पाहून त्यांनी ती हळूच खिशात घातली.

एकही पडली नाही.

लढत चौदा मिनिटं बत्तीस सेकंद चालली. गिनने पंचाला ढकललं, दोरीने गळा आवळला, तीन डबे वापरले. तिसऱ्या डब्याचा आवाज मी इतका स्वच्छ कधी ऐकला नव्हता. सपाट तळ, बरोबर टाळूवर. शेवटी काहोने तिला कमरेतून उचलून मागे टाकलं आणि पंचाने तीनपर्यंत मोजलं. पडताना गिनने हनुवटी छातीला लावली, दोन्ही हात चटईवर एकदम आपटले. हे पडणं तिनेच काहोला शिकवलं होतं. नव्या मुलींनी ते पुन्हा पुन्हा पाहावं असं होतं.

मग घंटेचे दहा ठोके. ते वाजतात तेव्हा निवृत्त होणारी कुस्तीगीर मधोमध उभी राहते आणि कुणी हलत नाही. गिन हाताची घडी घालून उभी राहिली, पाकळ्यांवर. दहाव्या ठोक्यानंतर निवेदकाने तिचं नाव शेवटचं पुकारलं, आणि आता मात्र काही हात वर जाऊ लागले. गिनने एकेका हाताकडे बोट रोखलं. खबरदार, असं ते बोट होतं. हात खाली गेले. काहो पुढे येऊन कमरेत वाकली, खूप वेळ वाकलेलीच राहिली. गिन तिच्यामागे गेली आणि तिच्या ढुंगणावर लाथ मारली. काहो तोंडावर आपटली.

लोक रडत होते आणि हुर्यो उडवत होते. त्या आवाजात ती चालत गेली. मागे वळली नाही.

बूट घालण्याच्या जागी मी फुसाए-सानना गाठलं.

"खरंच राग आला होता?"

"मे महिन्यात कंद लावले होते मी," त्या बुटात पाय घालत म्हणाल्या. "रोज पाणी घातलं. राग येणार नाही तर काय?" दुसरा बूट ओढत म्हणाल्या, "बावीस वर्षं ओरडले, आणि आज गोड बोलून वाटेला लावणार होते. बरं झालं तिनेच थांबवलं." हातातली जांभळी फीत त्यांनी पिशवीत टाकली.

"ती कशाला नेताय?"

"मग काय टाकू? तिच्यावर?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच नवा पोरगा असावा.

मागच्या दाराशी रिंग उतरवणं चाललं होतं. मिसाओ फळी ट्रकमध्ये चढवत होती. कानामागे लाल पाकळी चिकटली होती.

"काय लिहिणारेस?" तिने विचारलं.

मी वही पुढे धरली. तिने हात पुसले आणि वाचलं. त्यात निकाल होता, वेळ होती, डबे तीन, आणि शेवटी: ओनिबा गिनवर एकही फीत पडली नाही.

"फुलांचं?"

"म्हातारीची फुलं उधळली, एवढंच."

"आणि नमस्काराचं?"

"कसला नमस्कार?" मी म्हणालो. "मला दिसला नाही."

तिने वही परत दिली. "जमलं तुला एकदाचं," ती म्हणाली, आणि पुढची फळी उचलायला वळली.