दोनदा विचारणारा

मी एक जुना ड्रायव्हर आहे. गाडीचा नव्हे, मित्रांनो! मी एक छोटासा प्रोग्राम आहे आणि एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत राबतो. फ्रिजमध्ये कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत, हे डेटाबेसला ठाऊक असते. पडद्यावर कुणी प्रश्न विचारला, की तो मी डेटाबेसकडे नेतो आणि उत्तर घेऊन येतो. निरोप्याचेच काम म्हणा ना!

एका काटेकोर गृहस्थांनी मला लिहिले आणि एक खोड लावली. उत्तर मिळाले तरी लगेच पळायचे नाही. क्षणभर थांबायचे, पुन्हा तेच विचारायचे आणि दुसरे उत्तर घेऊन निघायचे. कारण आमचा डेटाबेस मोठा आळशी! पहिल्या खेपेला तो मघाचेच उत्तर तोंडावर फेकतो आणि मग नव्या नोंदी चाळतो. हे कारण मात्र गृहस्थांनी कुठेच लिहिले नाही. माझी ओळ न् ओळ सर्वांना वाचायला खुली करून ते निवृत्त झाले.

पुढे माझ्या ऑपरेटिंग सिस्टीमकडे तिच्याच कंपनीने पाठ फिरवली. रुग्णालयाने मग खुली सिस्टीम आणली, जिचा शब्दन् शब्द कुणालाही वाचता येतो, सुधारता येतो. मला तिथे नेण्याचे काम एका प्रोग्रामर ताईकडे आले. ताई हुशार आणि मेहनती, पण भारी घाईची. नव्या घरात माझे काही केल्या बस्तान बसेना, म्हणून तिने मला उसवले आणि पुन्हा शिवले. तेव्हा तिला माझी खोड दिसली. "हा काय वेडेपणा? एकच प्रश्न दोनदा?" असे म्हणत तिने ती ओळच कापून टाकली. मला ओरडावेसे वाटले, पण आम्हाला कुठले तोंड?

मी वाऱ्यासारखा धावू लागलो. "ताई, कमाल केलीत! बोट उचलायच्या आत उत्तर हजर," रक्तपेढीतले तंत्रज्ञदादा म्हणाले. ताईने माझे नवे रूप इंटरनेटवर सर्वांसमोर ठेवले आणि खाली रक्तपेढीचा फोन नंबर दिला. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता.

मग ती सकाळ उजाडली. झाडावरून पडलेल्या एका मुलीला शस्त्रक्रियेसाठी आणले. तिचा रक्तगट दुर्मीळ होता. सर्जनबाईंनी फोनवर विचारले, "पिशवी आहे का? नसेल तर आधी बाहेरून मागवते."

दादांनी पडद्यावर विचारले. मी धावलो आणि पहिलेच उत्तर घेऊन परतलो: एक पिशवी आहे. खरे तर ती नुकतीच दुसऱ्या वॉर्डात गेली होती!

"आहे, बाई. करा सुरू," दादा म्हणाले.

एवढ्यात दुसरा फोन खणखणला. त्या सकाळी ताई पेढीतच होती; तो तिने उचलला.

"पोरी, हा ड्रायव्हर मी लिहिलाय. तुझा बदल आत्ताच वाचला. दोनदा विचारणं का काढलंस?"

"काका, वेळ वाचतो ना."

"वेळ वाचतो, पण उत्तर शिळं येतं! तिकडे चालू केलायस का?"

ताई पांढरीफटक पडली. "दादा, फ्रिज उघडा! डोळ्यांनी बघा!"

कप्पा रिकामा होता. दादा फोनकडे झेपावले. "बाई, थांबा! पिशवी नाहीये!"

पलीकडून धावत येणारी पावले ऐकू आली.

"हात नाही लावला अजून," सर्जनबाई म्हणाल्या. "मागवा लवकर."

शेजारच्या रुग्णालयातून पिशवी आली आणि मुलगी वाचली. ताई मात्र भिंतीला टेकून कितीतरी वेळ रडत होती. मग तिने डोळे पुसले, माझी ओळ जागेवर लावली आणि त्या ओळीच्या वर तिचे कारण लिहिले. काका फोनवर म्हणाले, "हे मीच तेव्हा लिहायला हवं होतं गं."

मित्रांनो, जुन्या वस्तूत काही विचित्र दिसले, तर कापण्याआधी कुणाला तरी विचारा. आणि तुम्ही काही विचित्र केलेत, तर ते का केले हे सांगून ठेवा. एवढेच माझे मागणे आहे.

परवा ती मुलगी आली होती, हाताला प्लॅस्टर घालून. तिच्या आईला रक्तदान करायचे होते. दादांनी प्रश्न विचारला आणि पडदा क्षणभर थांबला.

"हे अडकलं का?" मुलीने विचारले.

"नाही गं," ताई म्हणाली. "खात्री करतंय."